काढून ठेवलेला शाफ्ट

मी एक जीप बोलतेय. चारही चाकांनी ओढणारी म्हणून घेतलेली. हे सांगताना आता लाज वाटते.

सत्त्याऐंशी साली लीलाधरभाऊंनी मला धुळ्याच्या लिलावात घेतलं. त्यांच्या बायकोने, कुंदाबाईंनी नारळ फोडला. "गाडी नही, मनी सवत शे," म्हणून हसल्या आणि पुढची सीट अडवून बसल्या.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात आमचं गाव. बाजाराच्या दिवशी वीस-बावीस माणसं, कोंबड्या, मिरच्यांची पोती, सगळं माझ्यावर लादलेलं. नाल्याच्या चढावर चिखलात रुतले की भाऊ पुढच्या चाकांचं गिअर टाकत. मागची चाकं फिरत राहत, पण पुढची मला अलगद बाहेर ओढत. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू.

मग माझं स्टेअरिंग थरथरू लागलं. भाऊंनी टायर बदलले, तरी थरथर तीच. शेवटी साक्रीचे तोताराम मिस्त्री माझ्याखाली झोपले आणि पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट त्यांनी हाताने पिळला. टक् असा आवाज आला.

"शाफ्टना सांधा घसाई गया. नवा टाकना पडी."

तेव्हा त्या रस्त्यावरच्या बहुतेक जीपांचे पुढचे शाफ्ट घरी माळ्यावरच असत. शाफ्ट काढला की थरथर आणि आवाज बंद, डिझेलही वाचतं. भाऊ म्हणाले, "काढीच टाका."

"काढू नका, भाऊ. चिखलमा हाऊच कामे येस."

"पावसाळाना आगोदर बसाडी लिसूत."

शाफ्ट निघाला आणि मी इतकी शांत धावू लागले की पावसाळा आला तरी भाऊंना आठवण झाली नाही.

भाद्रपदात, भर दुपारी, भाताच्या बांधावर कुंदाबाईंना नाग चावला. भाऊंनी त्यांना त्यांच्याच सीटवर बसवलं आणि साक्रीच्या दवाखान्याकडे मला पळवलं. नाल्याच्या चढावर मी रुतले.

"पुढलं गिअर टाका ना," कुंदाबाई म्हणाल्या.

भाऊंनी टाकलं. माझी पुढची चाकं जागची हलली नाहीत. माणसं गोळा करून मला ढकलून काढेपर्यंत तास गेला. साक्रीची वेस दिसत होती तेव्हा कुंदाबाईंची मान कलंडली.

तोताराम मिस्त्री दारावर आले, म्हणजे आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला येतात तसे. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "मीच मारी टाकी तिले."

मिस्त्री त्यांच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "शाफ्ट ऱ्हाता तरी गाडी निंघती नही, भाऊ. चिखलच तसा व्हता."

त्या दिवसापासून भाऊ दोन घास जेवू लागले. मला मात्र त्यांनी पुन्हा चालवलं नाही. आता मी गोठ्यामागे विटांवर उभी आहे, आणि भंगारवाला उद्या येणार आहे.

मिस्त्री खोटं बोलले. त्याच चढावरून, त्याहून जास्त चिखलातून मी कितीदा तरी निघाले होते. मनात साठलं होतं म्हणून तुम्हाला सांगितलं. भाऊंना मात्र सांगू नका.