शेजारच्या सीटचा ब्रेक

क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ज्यांना धड सांगता येत नाही, अशा लोकांनी मला नऊ महिने गरोदरपण शिकवलं.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. विद्यार्थी स्टिअरिंगवर, मी शेजारच्या सीटवर आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक. विद्यार्थ्याने घोळ घातला की मी तो दाबायचा आणि दोघांचा जीव वाचवायचा. पगार मिळतो तो या ब्रेकचा, बाकीची बडबड मी फुकट करते.

मळमळ सकाळी होते असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं, तो दुपार बघण्याआधीच मेला असावा. मला ती दिवसभर व्हायची. त्यात शिकाऊ पाय क्लचवरून असा काही सुटायचा की गाडी उचकी लागल्यासारखी पुढे जायची आणि माझ्या पोटात असेल नसेल ते घशाशी यायचं. सुरुवातीचे महिने मी गाडीच्या दारातून डोकं बाहेर काढून काढले. आमच्या मालकांना फार काळजी वाटली, पण ती सीटकव्हरची. त्यांनी डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची बाटली आणून ठेवली, आणि तो वास आला की मी पुन्हा दार उघडायची.

एक निवृत्त साहेब शिकायला येत. रिव्हर्स घेताना मान वळवायची त्यांची तयारी नसे. मागे वळून बघणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

"मॅडम, आता दोन जिवांचं खायचं बरं का," ते म्हणायचे.

"आधी तो खांब बघा," मी म्हणायची.

खांब लागायचाच. गाडीच्या मागच्या बाजूला त्यांच्या अनुभवी मार्गदर्शनाच्या खुणा अजून आहेत.

दातांची एक डॉक्टरीण होती. तिने मला सीटबेल्ट लावायला बंदी केली. "बाळ दबतं हो," असं ती डोळे मोठे करून सांगायची, आणि ते सांगताना समोरचा ट्रक तिला दिसायचा नाही. मी ब्रेक दाबायची. खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्यायचा आणि तिरका पट्टा छातीच्या मधून, हे मी तिला लावून दाखवलं. तिने अशी मान हलवली, जणू मी तिला दात काढायला शिकवते आहे.

पण बाहेरचे परवडले. घरात एक याहून मोठा विद्वान होता.

माझा नवरा विमा कंपनीत आहे. कुणाला काय होण्याचा किती धोका आहे, याचा अंदाज बांधणं हे त्याचं काम. त्याने मोबाइलवर गरोदरपणाचं एक ॲप घेतलं आणि तिथून पुढे गरोदर तोच राहिला. "आम्हाला सध्या फार मळमळ होतेय," असं तो मित्रांना फोनवर सांगायचा. सांगताना एका हाताने खात असायचा. डॉक्टरांनी मला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. मग डॉक्टरही त्याच्याकडेच बघून पुढचं विचारायचे आणि मी मधे बसलेली असायची, शिंप्याच्या दुकानात मापं देणाऱ्या पोरीसारखी. बाहेर पडल्यावर बायका मला म्हणायच्या, "नशीबवान आहेस हो, किती करतो तुझं!" काय करतो, ते कुणी सांगायचं नाही. माझ्या चपला शेवटी पायात शिरेनाशा झाल्या तेव्हा त्याने मला पायावर सूज का येते हे समजावून सांगितलं. पाय बुडवायला बादलीत पाणी मीच घेतलं.

बाळंतपणाचं मी फार सांगत नाही. दुखलं. कुणी म्हणतं त्याहून जास्त दुखलं आणि मुलगी झाली.

मुलगी बाहेर आली त्याच दिवशी मी ॲपमधून नाहीशी झाले. आता तिचं वजन, तिची झोप, तिचं दूध, तिची शी. टाके ओढत होते, रक्त जात होतं, छाती दगडासारखी झाली होती आणि भांडं पडलं तरी मला रडू येत होतं. मी म्हणजे जणू सामान उतरवून झाल्यावर उरलेलं खोकं. माणसं यायची, हात न धुता बाळाला उचलायची, नाक कुणावर गेलंय यावर भांडायची आणि माझ्याकडे वळून म्हणायची, "दूध पुरतंय ना?"

पहिला आठवडा संपता संपता माझं डोकं दुखायला लागलं.

साधं नव्हतं ते. मला डोकेदुखी माहीत आहे, मी माणसांना गाडी शिकवते. ही डोळ्यांच्या मागून सुरू झाली आणि गोळी घेतली तरी तसूभर हलली नाही. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला. अंगठी रुतायला लागली. बरगड्यांच्या खाली कुणी मूठ दाबून धरल्यासारखं व्हायला लागलं.

"झोप नाही ना, त्याने होतं," सासूबाई म्हणाल्या.

"पाणी कमी पीत असशील," माझी सख्खी मावशी म्हणाली.

"चष्म्याचा नंबर तपासून घे," असं शेजारच्या काकू बाळाचं नाक बघता बघता म्हणाल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "हॉस्पिटलला फोन कर. मला बरं वाटत नाहीये."

त्याने केला. फोन मला दिला नाही, स्वतःच बोलला. "नाही, तसं विशेष नाही. थोडं डोकं दुखतंय तिचं. हो, हो, झोप होत नाहीये." फोन ठेवून विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. "गोळी घेऊन आराम करायला सांगितलंय. हार्मोन्स असतात."

असा संताप आला मला! त्याने ज्या माणसाची तब्येत फोनवर सांगितली, त्या माणसाला खरंच काही झालं नव्हतं. ती बाई मी नव्हतेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीला पाजत असताना समोरच्या भिंतीवर ठिणग्या उडायला लागल्या. डोळे मिटले तर आतही ठिणग्या. मुलीचा चेहरा मधोमध पुसला गेला होता, कान दिसत होते, नाक दिसत नव्हतं. मी घाबरले. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. ही पोर माझ्या हातून पडेल, आणि मी मेले तर हिला मी आठवणारसुद्धा नाही, एवढे दोनच विचार डोक्यात होते.

मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि नवऱ्याला म्हटलं, "मला हॉस्पिटलला ने. आत्ता. ॲम्ब्युलन्स बोलाव."

"डोकं दुखतंय म्हणून ॲम्ब्युलन्स? हसतील लोक."

"मग गाडी काढ."

मालकांकडे जागा नव्हती म्हणून स्कूलची गाडी आमच्याच इमारतीखाली उभी असायची. लायसन्स नवऱ्याकडे होतं. ते काढताना त्याने गाडी चालवली होती असं म्हणतात. एरवी तो माझ्याशेजारी बसून मला रस्ते सांगतो.

"तुझं समाधान होत असेल तर जाऊ," तो म्हणाला.

माझ्या समाधानासाठी माणूस स्टिअरिंगवर बसला. मी शेजारी, माझ्या नेहमीच्या सीटवर, नेहमीच्या ब्रेकवर पाय. गाडी गोगलगाईला लाज वाटेल अशी निघाली. दुसऱ्या गियरमध्ये गाडी कण्हत होती आणि तो बोलत होता. पहिलटकरणींना कशी जास्त काळजी वाटते, काळजीने डोकं कसं दुखतं, डोकं दुखलं की काळजी कशी वाढते. सगळं गोल. या गोलातून बाहेर पडायचा रस्ता त्याच्या ॲपमध्ये नव्हता.

"गियर बदल," मी म्हटलं.

"बघ, चिडचिडही होतेच या दिवसांत."

ठिणग्या आता काचेवर होत्या. मागून एक हॉर्न वाजला, मग बाजूने वाजला. गाडी एकदम वळली, टायर किंचाळले आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन कडेला आडवे उभे राहिलो. एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून आमच्या घराण्याचा उद्धार करत होता.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो माझ्यावरच ओरडला, "अगं, लाल होता सिग्नल! मी बोलता बोलता घुसलो तसाच. तू ब्रेक का नाही दाबलास?"

"कुठला सिग्नल?" मी विचारलं.



त्याला माझ्याबद्दल फारसं काही माहीत नव्हतं, पण एक गोष्ट पक्की माहीत होती. लग्नात, भांडणात, तापात, नवव्या महिन्यात पोट डॅशबोर्डला टेकलेलं असताना, मी शेजारी बसलेली असताना कुणीही लाल सिग्नल तोडलेला नाही. माझा पाय माझ्या आधी बघतो. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदा तो माझा चेहरा बघत होता. सुजलेले डोळे त्याने तेव्हा पाहिले असावेत.

"तुला दिसत नाहीये?"

"तीन दिवस काय सांगतेय?"

मग त्याने गाडी चालवली. गियर बदलले, हॉर्न वाजवला, वाटेत कुणाला तरी शिवीही दिली. वाईटच चालवली, पण चालवली. काळजीवरचं व्याख्यान त्या सिग्नललाच राहिलं. दर वळणाला तो माझा हात चाचपून बघत होता आणि मी त्याला दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला सांगत होते.

हॉस्पिटलात नर्सने दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला आणि पळत गेली. मग सगळेच पळायला लागले. सुई लागली, सलाइनमधून औषध सुरू झालं आणि अंगभर आगीसारखं गरम वाटायला लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होती आणि चिडलेली होती. ती मला लगेच आवडली.

"ब्लड प्रेशर भयंकर वाढलंय. बाळंतपणानंतरही वाढतं, कित्येक दिवसांनीसुद्धा," ती नवऱ्याला म्हणाली. "असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, ही घरी थांबून बघायची लक्षणं नव्हेत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर झटके आले असते. मेंदूत रक्तस्राव झाला असता. बाई गेली असती तुमची. कळतंय का?"

विमा कंपनीतला माणूस भिंतीला टेकून खाली बसला.

डोकं हलकं व्हायला बराच वेळ गेला. ठिणग्या विझल्या तेव्हा तो पलंगाशी स्टुलावर होता. डोळे लाल, शर्ट घामाने भिजलेला. मला कीव आली नाही. येईल कधीतरी, घाई नव्हती.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तू नेहमीसारखी चिडली आहेस."

"चिडलेच होते," मी म्हटलं. "आणि मरतही होते. दोन्ही एकदम करता येतं."

मग मी त्याला मुलीला घेऊन यायला घरी पाठवलं. टॅक्सीने. गाडीची किल्ली आधी माझ्या उशाशी ठेवून घेतली.