वर्बोवाची छत्रीबंदी

इंग्रज-फ्रेंचांनी आमच्या चेक देशाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला, तो म्युनिकचा करार झाला त्या आठवड्यात वर्बोवाचे नगराध्यक्ष ओताकार वोंद्रा यांनी चहा सोडला. आयुष्यात ते कधी चहा प्यायले नव्हते, त्यामुळे त्याग फारसा जड गेला नाही. कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी मात्र ते पीत असत. फ्रेंचांचा निषेध म्हणून नगरपालिकेच्या कपाटातली बाटली त्यांनी भर चौकात गटारात ओतायला घेतली. तिसरा हिस्सा ओतून झाल्यावर गुरांचे डॉक्टर हाबार्त यांनी त्यांचा हात धरला आणि "उरलेला निषेध आत बसून करू" असं म्हणत बाटली वाचवली.

मग छत्रीची पाळी आली. वर्तमानपत्रात फोटो होता: म्हातारा इंग्रज पंतप्रधान, हातात मिटलेली छत्री, चेहऱ्यावर शांतता आणल्याचं समाधान. जणू बाजारातून भाजी आणावी तशी त्याने ती आणली होती, आणि पैसे आमच्या खिशातून गेले होते. वोंद्रांनी फोटो पाहिला, पेपर चुरगाळला आणि हुकूम काढला की नगरपालिकेच्या इमारतीत छत्री घेऊन कोणीही येणार नाही. आलेली छत्री जप्त होईल. ऑक्टोबरात आमच्या बोहेमियात पावसाला दुसरा उद्योग नसतो. त्यामुळे जन्माचे आणि मृत्यूचे दाखले घ्यायला आलेली माणसं बाकांवर निथळत बसू लागली, आणि शिपायाला दिवसातून तीनदा देशभक्ती पुसून काढावी लागे.

"चौघं जेवायला बसले," वोंद्रा रोज संध्याकाळी 'सोनेरी मासा' दारूगुत्त्यात सांगत, "आणि पाचव्याचं ताट वाटून घेतलं! पाचवा कुठे? बाहेर! आपली दोन माणसं गेली होती ना तिथं? त्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवलं, चोरासारखं. सगळं उरकल्यावर हातात नकाशा दिला. आमच्याबद्दल, आमच्याविना!"

इथे त्यांचा आवाज चिरकत असे. तो खोटा नव्हता, हे सांगायला हवं. डोळ्यांत पाणी येई, मग ते बिअरचा घोट घेत, आणि मग मिशीवरचा फेस पुसताना डोळेही पुसून घेत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यांची त्यांना मनापासून किळस होती.

नव्या सीमेची रेघ आमच्या गावाच्या वरच्या अंगाने गेली होती. गाव आम्हाला ठेवलं, टेकडी जर्मनीला गेली. टेकडीवरच्या झऱ्यातून गावाच्या नळांना पाणी येतं हे रेघ ओढणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या घरी पाणी दुसरीकडून येत असावं.

टेकडीपलीकडे ग्र्युनबाख, जर्मन वस्तीचं गाव; तेही आता रेघेपलीकडे गेलं. तिथला घड्याळजी एर्न्स्ट रीगर्ट हा वोंद्रांचा जुना मित्र. एर्न्स्ट जर्मनच, पण समाजवादी. ग्र्युनबाखच्या चौकात पिंपावर उभा राहून त्याने वर्षानुवर्षं आपल्याच भाषेत आपल्याच लोकांना हिटलरविषयी बजावलं होतं, आणि आपल्याच लोकांचे दगड खाल्ले होते. दर गुरुवारी तो टेकडी उतरून वर्बोवाला पत्ते खेळायला येई. वोंद्रा, डॉक्टर हाबार्त, लुकेश मास्तर आणि एर्न्स्ट, असं चौघांचं टेबल.

जर्मन सैन्य ग्र्युनबाखमध्ये शिरलं त्या सकाळी एर्न्स्ट आणि त्याची बायको हेर्टा हातगाडी ओढत वर्बोवाच्या चौकात आली. हातगाडीवर दोन गाद्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ होतं. वोंद्रांनी सगळ्या गावासमोर त्याला मिठी मारली.

"माझ्या गावात तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, एर्न्स्ट!"

"केस फारसे उरलेले नाहीत," एर्न्स्ट म्हणाला. "बाकीचं सांभाळ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारूगुत्त्याच्या माळ्यावर त्यांची सोय झाली.

थोड्याच दिवसांत नळ कोरडे पडले. आणि नळांमागोमाग मोटारसायकलवरून हेल्मुट आला. हा ग्र्युनबाखच्या औषधवाल्याचा मुलगा. पूर्वी आमच्या मुलींबरोबर नाचायला यायचा, त्यामुळे चेक छान बोलायचा. आता बाहीवर पट्टी होती, बाकी तोच लाघवी पोरगा.

"नमस्कार, अध्यक्षसाहेब. काकू बऱ्या आहेत ना?"

"पाणी का बंद आहे?"

"दुरुस्ती चाललीय हो. जुने पाइप. पण काय होतं, तुमच्या शाळेवरचा झेंडा बरोबर टेकडीसमोर येतो. आमच्या माणसांचं लक्ष उडतं. काम रेंगाळतं."

वोंद्रांनी विचार केला आणि झेंडा शाळेच्या मागच्या बाजूला, कोंबड्यांच्या खुराड्यावर लावला. "काढला नाही," ते सगळ्यांना सांगत. "हलवला." दुपारी पाणी आलं.

पुन्हा गेलं. हेल्मुट पुन्हा आला. रविवारी चौकात जो बँड वाजतो तो जरा आत वाजवता येईल का, काकू बऱ्या आहेत ना, आणि ही अगदी शेवटची गोष्ट. बँड शाळेच्या तळघरात गेला. तिथे ट्यूबाचा मोठा कर्णा वाजवला की कोळशाची धूळ उडे. पाणी आलं.

तिसऱ्यांदा हेल्मुटने मोटारसायकलवरून उतरून हातमोजे काढले, म्हणजे विषय मोठा होता.

"रीगर्ट," तो म्हणाला. "घड्याळजी. त्याला परत पाठवा. तो आमचा माणूस आहे."

"त्याचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे? गावात सगळी घड्याळं बंद पडलीत. माझा शब्द आहे, अध्यक्षसाहेब. केसालाही धक्का लागणार नाही. आणि ही शेवटची मागणी."

"मागचीही शेवटचीच होती."

"ती बँडबद्दलची शेवटची होती," हेल्मुट म्हणाला. खुलासा बिनतोड होता.

दुपारी दारूगुत्त्याच्या मागच्या खोलीत बैठक बसली. वोंद्रा, हाबार्त, लुकेश मास्तर. माळ्यावरून एर्न्स्ट खाली आला आणि सवयीने आपल्या खुर्चीकडे निघाला.

"एर्न्स्ट, तू जरा बाहेर थांबतोस का?" वोंद्रा म्हणाले. "म्हणजे, विषय तुझाच आहे, म्हणून."

एर्न्स्टने तिघांकडे पाहिलं, टोपी उचलली आणि बाहेरच्या बोळात पिंपावर जाऊन बसला. वोंद्रांची बायको लिडा बादल्या घेऊन खालच्या जुन्या विहिरीवरून येत होती. तिने त्याला तिथे बसलेलं पाहिलं आणि बादल्या खाली ठेवून सरळ खोलीचं दार उघडलं.

"त्याला बाहेर का बसवलंय?"

"लिडा, चर्चा चाललीय."

"कशाची?"

"त्याच्याबद्दलची."

"त्याच्याविना?"

मास्तरांनी चष्मा पुसला. लिडाने दार मुद्दाम उघडं टाकलं. ती गेल्यावर डॉक्टरांनी उठून ते लावलं.

"हे बघ ओताकार," डॉक्टर म्हणाले, "भावनेच्या भरात जाऊ नकोस. प्रागहून स्वतः सरकार अशा लोकांना गाड्या भरभरून परत पाठवतंय. आपण काय सरकारपेक्षा शहाणे? माझी गुरं तहानलीत. आणि त्या विहिरीच्या पाण्याने ब्रुअरीतली बिअर कशी होतेय, चाखलीस का? घोडा मुतल्यासारखी."

"तुम्हाला माहीत असणार," मास्तर म्हणाले.

"व्यवसायच आहे माझा."

"पण मी शब्द दिलाय," वोंद्रा म्हणाले. "चौकात. मिठी मारून."

"फ्रेंचांनीही दिला होता," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तर..."

"म्हणून तर काय? मोठी मोठी राष्ट्रं शब्द पाळेनात, आणि वर्बोवा पाळणार? उद्या हेल्मुट सगळं गाव मागेल. एका माणसावर भागतंय तर भागू दे."

लुकेश मास्तर इतिहास शिकवत. कुठलीही लढाई कुठे चुकली हे ते लढाई संपल्यावर अचूक सांगत. ते म्हणाले, "आपण हमी मागू. लेखी. हेल्मुटकडून. म्हणजे आपण त्याला सोपवत नाही आहोत, तर हमीखाली पाठवत आहोत. तत्त्वाचा फरक आहे."

वोंद्रांना एकदम हलकं वाटलं. इतका हलकेपणा त्यांना करार झाल्यापासून वाटला नव्हता. सोपवणं वेगळं, हमीखाली पाठवणं वेगळं. झेंडा काढणं वेगळं, हलवणं वेगळं. म्युनिकलाही त्या रात्री कोणाला तरी असंच हलकं वाटलं असेल, असा विचार मनात येत होता, पण त्यांनी तो आत येऊ दिला नाही. त्यालाही बोळात बसवला.

"शिवाय," डॉक्टर पत्ते पिसत म्हणाले, "हा खेळ मुळात तिघांचाच आहे. चौथा असला की एकाला दर डावात नुसतं बसून राहावं लागतं."

मास्तर हसले. आपण हसलो का, हे वोंद्रांना नंतर नीट आठवेना.

ते बोळात आले तेव्हा एर्न्स्ट उठला. सांगायची गरज पडली नाही. वोंद्रांच्या चेहऱ्याने ते आधीच सांगून टाकलं होतं.

"हमी आहे," वोंद्रा म्हणाले. "हेल्मुटची."

"हेल्मुटची," एर्न्स्ट म्हणाला. "त्याच्या बापाने माझं घड्याळ विकत घेतलं आणि अजून त्याला वेळ कळत नाही." मग त्याने टोपी डोक्यावर घातली. "ओताकार, आपल्या खेळात एक नियम आहे. पानं कितीही वाईट आलेली असू देत, एक्का टाकून देता येत नाही. मला वाटायचं मी तुमचा एक्का आहे."

"आहेसच रे!"

"मग तुम्ही लोक नियमही विसरलात."

हेर्टा माळ्यावरून उतरली. तिची मागणी आली नव्हती. एर्न्स्टने तिला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि ती थांबली. वोंद्रांकडे तिने पाहिलं नाही. फक्त त्यांच्या बुटांकडे पाहत म्हणाली, "पाऊस आहे. ह्याची छाती कमजोर आहे. भिजवू नका."

आता आली पंचाईत. गावात कोणी वोंद्रांना छत्री दाखवायला तयार नव्हतं; अंगी बाणलेली शिस्त होती. शेवटी ते स्वतः नगरपालिकेत गेले, जप्तीची खोली उघडली. कोपऱ्यात सगळ्या छत्र्या वटवाघळांसारख्या टांगलेल्या होत्या. त्यांनी त्यातली एक घेतली. काळी, लांब, बांबूच्या मुठीची.

टेकडीच्या पायथ्याशी नव्या सीमेचा लाल-पांढरा दांडा होता तिथवर ते दोघं एका छत्रीखाली चालत गेले. वोंद्रा छत्री एर्न्स्टच्या बाजूला धरत होते आणि स्वतःचा डावा खांदा भिजवत होते. त्यांना हे बरं वाटत होतं. आपण काहीतरी सोसतो आहोत असं.

दांड्यापाशी हेल्मुट आणि दोन शिपाई होते. हेल्मुटने खिशातून कागद काढून वोंद्रांना दिला, हमीचा. मग शिपायांनी एर्न्स्टची टोपी काढून चिखलात टाकली आणि त्याला मानेला धरून गाडीत घातलं. केस विरळ होते. पकडायला सोपं गेलं नाही, म्हणून मान.

"अहो, पण..." वोंद्रा म्हणाले.

"केसाला धक्का लागला का?" हेल्मुटने विचारलं.

गाडीत चढताना एर्न्स्ट वळला. "ओताकार," तो म्हणाला, "छत्री तुला शोभतेय रे."

वोंद्रा परत आले तेव्हा गावातले नळ वाहत होते. बायका दारात उभ्या राहून बादल्या भरत होत्या. डॉक्टर समोरून आले, हात पुढे केला, "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाले. वोंद्रांनी हात हातात घेतला. तो ओलसर आणि गरम होता, गाईच्या जिभेसारखा. सोडवून घेतल्यावर त्यांनी आपला हात कोटाला पुसला.

घरी लिडाने त्यांच्या हातातली छत्री पाहिली. नळाखाली किटली भरली, शेगडीवर ठेवली, कपाटाच्या तळातून तिच्या मावशीने कधीकाळी भेट दिलेला, कोणी न उघडलेला चहाचा डबा काढला आणि एक कप करून नवऱ्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"चहा. इंग्रज हेच पितात."

"लिडा, दुसरा मार्ग नव्हता."

"होता. ती विहीर अजून आटलेली नाही."

"हेर्टा कुठाय?"

"आत. मी तिला इथे आणलंय. आताच डोळा लागलाय, मोठ्यानं बोलू नकोस."

वोंद्रांनी कपाकडे पाहिलं. दिवसभर पोटात काही नव्हतं. त्यांनी एक घोट घेतला. चहा चांगला होता. दुसरा घेतला. छत्रीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. दारावर टकटक झाली, अगदी सभ्य.

"नमस्कार, अध्यक्षसाहेब. पाणी आलं ना? छान. काकू बऱ्या आहेत ना?" हेल्मुट उंबऱ्यावर उभा होता आणि एकेका बोटातून हातमोजा सोडवत होता. "एक बारीकशी गोष्ट राहून गेली हो. त्याची बायको."

वोंद्रा खुर्चीतून उठले. काहीतरी ठाम बोलावं असं त्यांच्या मनात होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण पाऊस आत येत होता, आणि पोरगा भिजत होता, आणि इतक्या वर्षांच्या सभ्यतेची तोंडाला सवय होती.

"बाहेर का उभा? ये, आत ये," ते म्हणाले आणि त्याला वाट मिळावी म्हणून कोपऱ्यातली छत्री बाजूला सरकवली. "चहा घेणार?"

लिडाने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. हातात उकळती किटली होती.