डोळा धुळ्याला

"तुम्हीनच सांगं ना बाई, बुध शनवारले. दोन वार काय कामना? म्हनीसन मी पह्यला सांगी दिना," झिपरू कंडक्टर म्हणाला आणि त्यानं आमची धुळ्याची तिकिटं फाडली.

मी फिस्सकन हसले. प्रमिलाअक्का हसली नाही. रात्रपाळी करून ती तशीच, पांढऱ्या साडीत, जळगाव स्टँडवर आली होती. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली दुर्बिणीची पितळी नळी.

अक्का आमच्या शेजारची. सरकारी दवाखान्यात नर्स. धुळ्याची पुष्पामावशीही नर्स. ट्रेनिंगला असताना दोघींनी मिळून ही जुनी दुर्बीण घेतली. पुढे अक्काची बदली जळगावला झाली, तेव्हा नळी अक्काकडे आली आणि ज्यातून बघायचं ते भिंग मावशीकडे राहिलं. त्याला त्या डोळा म्हणतात. एकटीनं बघायचं नाही, एवढाच करार. आमच्या शाळेचे नियमसुद्धा इतके कोणी पाळत नाही!

आज बुध हा ग्रह सूर्यावरून जाणार होता. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून मी कोणालाही काहीही समजावू शकते, त्यामुळे गल्लीभर सांगून आले होते की सूर्याला तीळ येणार, सकाळी आत शिरणार आणि संध्याकाळी पावणेसहाला बाहेर पडणार. अक्कानं झिपरूबरोबर मावशीला निरोप धाडला होता, "बुध शनिवारी आहे, डोळा घेऊन ये." झिपरूला बुध हा वारच वाटला, त्यानं पहिला तेवढा सांगितला. मावशी जळगावला आली ती बुधवारी. आठवड्याची सुटी घालवून. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघी पोट धरून हसल्या.

"डोळा ठेवून जाते. शनिवारी मला सुटणं नाही," मावशी म्हणाली.

"ने परत. तुझ्याशिवाय काय बघू? मीच येते नळी घेऊन."

म्हणून ही एसटी. मे महिन्यातली. खिडकीतून वारा नव्हे, भट्टीचा फुफाटा येत होता. पारोळ्याच्या पुढे टायर बसलं आणि आम्ही सगळे एका बाभळीच्या सावलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. अक्काचे डोळे लाल झाले होते.

"गाडी निघाली की झोप जरा, अक्का. मी धरते नळी."

"तू बोलता बोलता हातवारे करतेस. सोडशील."

ते खरंच होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मावशी वॉर्डाच्या खिडकीत आली आणि तिनं रुमालात बांधलेला डोळा गजांतून माझ्या हातात दिला.

"लावा तुम्ही. मी पाचाला सुटते."

अक्कानं रुमाल घेतला, पण सोडला नाही. मागच्या अंगणात भिंतीला टेकून ती बसली.

"लाव ना, अक्का! सूर्य काय मावशीच्या ड्यूटीसाठी थांबणार आहे?"

"पुष्पी येऊ दे."

"थोडंसं?"

"द्रौपदे, पुष्पी येऊ दे."

मी चिडून कडुनिंबाभोवती फेऱ्या घालत राहिले. वर तो तीळ चालत होता आणि आम्ही खाली बसलो होतो!

पाचाला मावशी सुटली नाही. सव्वापाचला पळत आली, हात पदराला पुसत. "नवीन पेशंट आला गं." अक्कानं रुमाल तिच्या हातात दिला. स्टुलावर गोणपाट, गोणपाटावर नळी, नळीला डोळा. सूर्याकडे बघायचं नाही, तो कागदावर पाडायचा, म्हणून अक्कानं पांढरा पुठ्ठा गुडघ्यांवर उभा धरला. मावशी नळी हलवत होती, पुढे, मागे. पुठ्ठ्यावर आधी नुसता उजेड, मग दुधाळ गोल, मग एकदम कडा लख्ख झाली. आणि कडेच्या अगदी जवळ काळा तीळ!

"अक्का, बघ! बघ ना!"

अक्काची मान कलली होती. हात मात्र पुठ्ठ्यावर तसेच.

मी खांद्याला हलवलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "आले, आले. कोणती खाट?"

मी पुन्हा हात पुढे केला. मावशीनं तो धरला.

"मावशी, आता पुन्हा तीन वर्षांनी आहे!"

"उद्या सकाळी परत ड्यूटी आहे तिला," मावशी म्हणाली.

तेवढ्यात सूर्य पुठ्ठ्यावरून वर सरकला आणि अक्काच्या पांढऱ्या पदरावर जाऊन बसला. मावशीनं तो खाली आणला नाही. तिथेच ठेवला. तो निसटू लागला की एका बोटानं नळी हळूच सरकवायची. अक्का श्वास घ्यायची तसा सूर्य वरखाली व्हायचा, तीळही.

शेवटी तीळ कडेला टेकला. कड जराशी चावल्यासारखी दिसली. मग पदरावर नुसता गोल, स्वच्छ सूर्य राहिला.

मावशी अजून नळी सरकवत होती.