कुणी भाव विचारीना

ताम खिएमने बांबूच्या टोकाला नारळाची झावळी बांधली त्याला आज तिसरा दिवस होता, आणि अजून एकाही माणसाने त्याच्या मचव्याचा भाव विचारला नव्हता.

फुंग हिएप गावाला सात कालवे एका ठिकाणी मिळतात आणि तिथे पाण्यावरच बाजार भरतो. मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, उंच बांबू उभा करायचा आणि जे विकायचं ते त्याला टांगायचं. भोपळा टांगला तर भोपळे, रताळी टांगली तर रताळी. झावळी टांगली, तर मात्र मालाचं काही नाही, मचवाच विकायला काढलाय असं समजायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि बाजार तरी कसा? कुणी नवा कंदील घेतला तरी ‘केवढ्याला पडला’ म्हणून येताजाता विचारणारा. तोच बाजार तामच्या मचव्याशेजारून जाताना मान वळवून पलीकडचं पाणी बघत होता.

पहिल्या दिवशी ताम इस्त्रीचा सदरा घालून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने नाळेवर रंगवलेले दोन्ही डोळे ओल्या फडक्याने पुसून लख्ख केले, म्हणजे मचव्याला गिऱ्हाईक दिसेल आणि गिऱ्हाइकाला मचवा. तिसऱ्या दिवशी त्याला राग यायला लागला. साओच्या लाकडाचा मचवा, लग्नाच्या वर्षी बांधून घेतलेला. राळ दरवर्षी स्वतःच्या हाताने भरलेली. भर ओहोटीतसुद्धा कधी कुणाला ‘जरा हात लावा’ म्हणावं लागलं नाही. ताम नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हता, आणि मचव्याच्या नाकावर तर नाहीच नाही.

विकायचं कारण साधंच होतं. उजवा खांदा गेला होता. आमची डिझेलची मशिनं हँडल मारून सुरू होतात आणि ते हँडल खांदा धड असलेल्यालाच दाद देतं. थोरला मुलगा कान थो शहरात शिंपी झाला, मधला कारखान्यात लागला. बायको थोरल्याकडे नातवंडं सांभाळायला गेली आणि तिथलीच झाली. आल्यागेल्याबरोबर तिचा एकच निरोप असे, आता पुरे, जमिनीवर या. उरली धाकटी लुआ. सव्वीस वर्षांची, सडसडीत, बोलायला तिखट. गेली दोन वर्षं हँडल तीच मारत होती. तामच्या लेखी ती नुसती मदत होती.

“बोंग,” शेजारून नूडल्सची होडी वल्हवत आलेल्या बाईला ताम म्हणाला, “आज वारा आहे, नाही? झावळी कशी फडफडतेय बघ.”

बोंग मावशीने वर पाहिलंच नाही. “वारा कसला आलाय, ताम दादा. कांद्याची पात जास्त घालू का?”

“घाल.”

तिने वाडगा भरून दिला. सुनेच्या तक्रारी सांगितल्या, डासांचं सांगितलं, आणि वल्हं मारून निघून गेली. पाठोपाठ क्वोय गेला. हा क्वोय दहा वर्षं ह्याच मचव्यावर डोळा ठेवून होता. दारू प्यायला की म्हणायचा, “दादा, कधी विकलात तर पहिलं मला सांगा हं.” आज तो आपल्या मशीनकडे बघत, जणू त्यात अंडी उबवायला ठेवली आहेत अशा चेहऱ्याने, समोरून निघून गेला. तामला तोंडात मारल्यासारखं झालं. वाडग्यातल्या नूडल्स थंड झाल्या तरी त्याने हात लावला नाही.

दुपारी एक भाड्याची होडी मचव्याला येऊन लागली. आत शहरातला एक तरुण, पांढरेशुभ्र बूट.

“काका, हा विकायचाय ना?”

तामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “या, वर या. हे लाकूड बघा. हात फिरवून बघा. आजवर आत थेंब आलेला नाही.”

“लाकडाचं एवढं नाही हो. जुना दिसतोय, ते महत्त्वाचं. आमच्या हॉटेलच्या अंगणात चौथऱ्यावर बसवणार आहोत. आत चार टेबलं टाकायची, दिवे सोडायचे. डोळ्यांना जरा पापण्या रंगवून घेऊ.”

तामने फळीवरचा हात काढून घेतला. “पाण्यात नाही ठेवणार?”

“छे, पाण्यात कुजेल की.”

“अरे, पाण्यात नाही कुजत तो. कोरडा ठेवलास तर फुटेल. फळीफळीत बोट जाईल एवढी फट पडेल.”

“पडू दे ना, काका. त्यात बसून कॉफीच तर प्यायची आहे.”

“जा बाबा,” ताम म्हणाला. “इथे बूट खराब होतील तुझे.”

तरुण खांदे उडवून उतरला. जाताजाता म्हणाला, “ती नूडल्सवाली म्हणालीच होती. त्याचा भाव विचारू नका, गिऱ्हाईक ठरलंय म्हणून. मग झावळी कशाला टांगता?”

ताम तसाच आपल्या लहान होडीत उतरला आणि एका हाताने वल्हवत बोंग मावशीच्या होडीला जाऊन भिडला.

“कोण गिऱ्हाईक ठरलंय माझ्या मचव्याला?”

मावशीने पळी खाली ठेवली. “घरचंच आहे, दादा. तुमची लुआ. तुम्ही झावळी बांधलीत त्याच दिवशी ती सगळ्या बाजारात फिरली. म्हणाली, मचवा मी चालवणार आहे. बाबांशी बोलायला थोडा वेळ द्या, तोवर कुणी भाव विचारू नका.”

“आणि तुम्ही सगळे ऐकलंत? एका पोरीचं?”

“का नाही ऐकणार? क्वोयची बायको अडली तेव्हा तिला होडीत घालून दवाखान्यात कुणी नेलं? माझं मशीन बंद पडलं तेव्हा मला बाजारापर्यंत ओढून कुणी आणलं? तुम्ही तेव्हा घोरत होता. तुम्हाला मान देतो, दादा, नाही असं नाही. पण तिचं ऐकतो.”

तामने होडी वळवली. तो परत आला तेव्हा लुआ मागच्या बाजूला बसून मशीनचा पट्टा बदलत होती. कोपरापर्यंत काळं तेल.

“माझा बाजार उठवलास,” तो म्हणाला.

“बाजार नाही उठवला, बाबा. फक्त थांबवला.”

“मला विचारायचं नाहीस?”

“तुम्ही मला विचारलंत? झावळी बांधायच्या आधी?” तिने मान वर केली. “दादाला निरोप गेला, मधल्याला गेला. मी इथे हातभर अंतरावर झोपते. मला सकाळी झावळी बघून कळलं.”

“उद्या लग्न होऊन जाशील. मचवा काय सासरी नेणार?”

“नेईन की. नवरा नाही मिळाला तर मचवा आहे. मचवा नाही मिळाला तर नवरा घेऊन काय करू?”

दुसऱ्या कुणाची मुलगी हे बोलली असती तर ताम हसला असता. “मचवा चालवणं म्हणजे हँडल मारणं नव्हे, धाकटे. मालकाला पारखी नजर हवी.”

“मग बघा नजर. उद्या भोपळे भरून का मावच्या बाजाराला जायचंय. तुम्ही नुसते बसा.”

तामने वर झावळीकडे पाहिलं. “एक शब्द बोलणार नाही मी,” तो शेवटी म्हणाला. “मचवा अडला तर अडला. पण अडला, की भाव विचारणाऱ्या पहिल्या माणसाला देऊन टाकीन, मग तो पापण्या काढो नाहीतर मिशा. नीट नेलास तर तुझा. झावळी तोवर राहू दे.”

“राहू दे,” लुआ म्हणाली.

का मावकडे जाणारा कालवा लांबच लांब. त्याच्या दोन्ही तोंडांनी भरती आत शिरते आणि मध्ये कुठेतरी दोन्ही पाणी समोरासमोर येऊन थांबतं. त्या जागेला आम्ही पाणभेट म्हणतो. पाणी तिथे दमून उभं राहतं, बरोबर आणलेला गाळ टाकतं, जलपर्णी साचते. शहाणा मचवेवाला इकडच्या भरतीवर स्वार होऊन तिथवर जातो आणि पाणी फिरलं की तिकडच्या ओहोटीबरोबर पुढे सुटतो. उशीर झाला तर पाणी खालून निघून जातं आणि भरलेला मचवा गाळात बसतो. मग पुढच्या भरतीपर्यंत अर्धा दिवस तो कलत जातो, फळ्या करकरतात, सांधे उघडतात. कितीतरी चांगल्या मचव्यांची हाडं तिथे मोडली आहेत.

भरती चढू लागली तरी लुआ निघेना. क्वोयच्या मशीनचा पट्टा तुटला होता आणि तोही का मावलाच जायचा होता. लुआने स्वतःचा जादा पट्टा त्याला दिला आणि आणखी दोन मचव्यांबरोबर त्याची वाट बघत कॉफी पीत बसली. ताम नाळेजवळ बसून पाणी चढताना बघत होता. त्याने जन्मात कुणाची वाट पाहिली नव्हती. भरती कुणाची वाट बघते का? ‘निघ आता’ म्हणावंसं वाटत होतं, पण शब्द म्हणजे शब्द. तो मूग गिळून बसला.

निघाले तेव्हा लुआने मचवा छान नेला, हे कबूल करायला हवं. सात तोंडांच्या भोवऱ्यातून तिने तो असा काढला की भरलेल्या भोपळ्यांतला एकही गडगडला नाही. वळणावर समोरून वाळू वाहणारा मोठा पडाव आला, तेव्हा ती बिचकली नाही, काठाशी चिकटून वाट दिली आणि पडाववाल्याने हात वर केला. तामने ते पाहिलं, आणि त्याच्या छातीत काहीतरी उबदार हललं. ते दिसू नये म्हणून त्याने विडी पेटवली.

पण पाणभेटीला ते पोचले तेव्हा पाणी फिरून वेळ झाला होता. पुढे जलपर्णीचा गच्च थर, मागे तिघांचे मचवे. लुआचा मचवा सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत जड. एक मऊ धक्का बसला आणि तो थांबला.

तामला ज्याची भीती होती तेच झालं. आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर बरंही वाटलं. आपण असतो तर वेळेवर निघालो असतो. मग त्याने तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. ती ओठ घट्ट मिटून काठावरच्या ओल्या रेषेकडे बघत होती. पाणी उतरत होतं.

आता काय करायचं ते तामला माहीत होतं. दोर आवळायचे, मान ताठ ठेवायची आणि कुणाकडे बघायचं नाही. चाळीस वर्षांत एकदाच तो असा अडकला होता, तेव्हा अर्धा दिवस तो असाच बसून राहिला होता. एक फळी गेली होती, पण कुणाला हाक मारली नव्हती.

लुआ मशीनच्या पेटीवर चढली, तोंडाभोवती हात धरले आणि साऱ्या कालव्याला ऐकू जाईल अशी ओरडली. “क्वोय काका! अडकले मी! या सगळे, हात लावा!”

तामने डोळे मिटले. माझ्या मचव्यावरून अशी आरोळी! पण डोळे उघडले तेव्हा क्वोय कमरेपर्यंत चिखलात उतरला होता. मागच्या मचव्यांवरची माणसं लुंग्या खोचून, बांबू घेऊन येत होती. समोरून येऊन जलपर्णीपलीकडे अडकलेल्या अनोळखी मचव्यांवरचीही दोघंतिघं उतरली. एकाने विचारलं, “कुणाचा आहे?” आणि क्वोय सहज म्हणाला, “लुआचा.”

तामने ते ऐकलं. त्याला वाटलं होतं हे ऐकून राग येईल. आला नाही.

त्या अनोळख्यांतला एक धिप्पाड माणूस नाळेपाशी आला, फळ्यांवर थाप मारली, वर झावळीकडे पाहिलं.

“आजोबा, विकताय? दणकट आहे हो मचवा. काय भाव?”

तीन दिवस ताम ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. उत्तर इस्त्री करून ठेवलं होतं, लाकडापासून राळेपर्यंत. शिवाय पहिल्या विचारणाऱ्याला देईन असा शब्दही दिला होता, आणि मचवा अडलेला होता. शब्दाला जागायचं तर आता हो म्हणायचं.

“मला काय विचारतोस?” ताम म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं बोलणं. “मालकीण तिकडे मागे उभी आहे. तिला विचार.”

लुआने ऐकलं. तिने फक्त एकदा मनगटाने डोळे पुसले, त्यामुळे गालावर तेलाचा पट्टा उमटला, आणि मग ती पुन्हा ओरडली, “विकायचा नाही! सगळे उजव्या बाजूला या! मी मशीन टाकते, तेव्हा ढकला!”

उजवी बाजू चूक होती. तामला शंभर टक्के खात्री होती, गाळ उजवीकडे जास्त होता, तिथे पाय रोवता येणार नव्हते. त्याने इस्त्रीचा सदरा काढला, घडी करून भोपळ्यांवर ठेवला आणि चिखलात उतरला. उजव्या बाजूला. चांगला खांदा त्याने फळीला लावला. वर लुआने हँडल मारलं, मशीन धडधडलं, सगळ्यांनी एकदम जोर केला. मचवा वीतभर सरकला.

“तुम्ही कशाला उतरलात, आजोबा?” शेजारचा धिप्पाड माणूस धापा टाकत म्हणाला. “कोण लागता तुम्ही तिचे?”

“बाप,” ताम म्हणाला, आणि छातीपर्यंत चिखलात असूनही त्याची मान ताठ होती. “ढकल.”

पुढच्या रेट्याला मचवा सुटला. मग लुआने दोर टाकून मागचे तिन्ही मचवे एकेक करून ओढून काढले. डावीकडून ढकललं असतं तर मचवा पहिल्याच रेट्याला निघाला असता, असं तामचं आजही मत आहे. ते तो सगळ्या बाजाराला सांगतो, फक्त मालकिणीला सांगत नाही.