सोळा व्हायोलिनं आणि ठोक्या

एकतीस वर्षं माझ्या भावाच्या बँडचा हा गायक माझ्या घरी रिकाम्या पोटी आणि रिकाम्या हातांनी येत आला. त्या सकाळी त्याच्या हातात फळांची पिशवी होती. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"ताई, नव्या अल्बमचं बोलायचं होतं. या वेळी सोळा व्हायोलिनं, चेलो, दोन पितळी हॉर्न. एकदा तरी असं भरगच्च करायचं होतं आम्हाला."

"मग करा की."

"ठोक्याचं अडतंय."

ठोक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्यांचा ड्रमर. आई गेली तेव्हा तो सहाचा होता आणि मी बावीसची. जेवताना ताटावर चमच्याने ताल धरायचा, म्हणून हे नाव. बँड सुरू झाला माझ्याच मागच्या खोलीत. पहिल्या कॅसेटची पाचशे कव्हरं आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुमडली होती.

अडचण मला ठाऊक होती. गाणं संपत आलं की ठोक्याचा वेग वाढतो, उतारावरच्या सायकलसारखा. चौघं एका खोलीत वाजवायचे तेव्हा बाकीचे तिघं त्याच्यामागे धावत सुटायचे आणि लोक त्यावरच नाचायचे. आता मात्र ड्रम आधी रेकॉर्ड करून व्हायोलिनं दुसऱ्या दिवशी त्यावर चढवायची होती. त्यासाठी वाजवणाऱ्याच्या कानात यंत्राची एकसारखी टिकटिक सोडतात. ठोक्या तिच्याशी तीन दिवस झुंजला आणि हरला.

"म्हणजे दुसरा ड्रमर घेताय."

त्याने मान खाली घातली. "तुम्ही सांगाल त्याला? मला नाही जमत."

"वा रे वा! एवढी वर्षं माईकसमोर गळा काढलास, आणि आता वाचा बसली?"

तो हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. साठीला आलेला माणूस. त्याच्यावर रागही धरवेना.

मी चौतीस वर्षं वाद्यवृंदात व्हायोला वाजवला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची जाड्या आवाजाची थोरली बहीण. आम्ही टिकटिक ऐकून नाही, समोरच्या माणसाकडे बघून वाजवायचो.

"ड्रम आणि व्हायोलिनं एकाच वेळी घ्या," मी म्हटलं. "वादक मी आणते. माझे जुने सोबती. मीही बसेन त्यांच्यात."

"ऐंशीचे असतील ते!"

"पंचाहत्तरचे. आणि बसून वाजवायचंय, पळायचं नाहीये."

गायक कबूल झाला, आणि ठोक्याला मी सगळं सांगितलं.

"मला काढणार होते तर."

"हो."

"आणि तू वशिला लावलास."

"लावला. पुढे बोल."

तो उठला आणि ड्रमच्या काठ्या शोधायला लागला. रेकॉर्डिंगच्या दिवशी वेळेआधी स्टुडिओत हजर.

त्याला काचेपलीकडे बसवलं, सगळ्यांना दिसेल असं. पहिला दिवस वाया गेला. आमची म्हातारी मंडळी कागदावरून नजर काढेनात, आणि शेवट आला की ठोक्या पुढे, आम्ही मागे, नुसता गोंधळ. तेव्हा मी उठून सांगितलं, "शेवटच्या ओळी पाठ करा आणि त्याच्या डाव्या खांद्याकडे बघा. खांदा उचलला की समजायचं, निघाला. लहानपणापासून तसंच आहे त्याचं."

पुढच्या दोन दिवसांत नऊपैकी पाच गाणी जमली. चार जमली नाहीत. त्या गाण्यांत हॉर्नचं काम इतकं बारीक होतं की वेग तसूभर हलला तरी सगळं विस्कटायचं. गायकाने ठोक्याला बाजूला नेलं. मी जवळच खोक्यात व्हायोला ठेवत होते.

"चार गाणी दुसरा वाजवेल."

"कोण?"

त्याने नाव सांगितलं.

"चांगला आहे," ठोक्या म्हणाला. "त्याला तिसऱ्यात झांज जरा उशिरा द्यायला सांग. तू तिथे श्वास घेतोस."

अल्बम आला तेव्हा आम्ही दोघांनी तो माझ्या घरी बसून ऐकला. ती चार गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. "मला नसतं जमलं हे," म्हणाला. मी म्हटलं, "पाचवं लाव परत." त्यात शेवटी सोळा व्हायोलिनं त्याच्यामागे जीव खाऊन धावतात. एका ठिकाणी मी मागे पडलेय आणि माझा सूर चुकलाय. गायकाने तो तसाच ठेवलाय.

"ताई, ती मागे राहिलेली तूच ना?"

"मीच. तू थांबतोस कुठे कुणासाठी!"