नकाशातला पूल

नदीवरचा पूल वाहून गेला होता, पण सायकलवरून खोरं पाहायला येणाऱ्यांच्या नकाशात तो अजून शाबूत होता. काठावर सायकली दुरुस्त करणाऱ्या बाईने पर्यटन कचेरीला तीन पत्रं लिहिली. कुणी दाद दिली नाही. मग एक मुलगी उतारावरून सुसाट आली, ती थेट खाली दगडांत पडली. तिचा हात मोडला.

तिला दवाखान्यात पोचवून बाईने कचेरी गाठली आणि मुलीच्या सायकलचं वाकडं झालेलं चाक साहेबांच्या टेबलावर आपटलं.

"मावशी, नकाशा पुढच्या वर्षी बदलू," साहेब म्हणाले.

"मावशी कुणाला म्हणतोस? पत्रं वाचायला डोळे नाहीत, नाती जोडायला तोंड आहे!"

परतताना तिने पुलाकडे नेणाऱ्या पाट्यांपैकी चार पाट्यांना डांबर फासलं. दुसऱ्याच दिवशी कचेरीची नोटीस आली. तिने ती टराटरा फाडली आणि उरलेल्या पाट्यांसाठी सायकल काढली.