मालनला बोलवा

“मालन कोण?” सिस्टर श्वेताने विचारले, तेव्हा इरावतीला क्षणभर ते नाव परकेच वाटले.

“मीच,” ती म्हणाली. “लग्नाआधीची.”

तिचे वडील गुणाजी गिरणी बंद पडल्यावर वॉचमन म्हणून राबलेले. कालच अंधेरीच्या इस्पितळात त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. भूल उतरली, पण डोके काही ठिकाणावर येईना. सलाइनची सुई त्यांनी उपटून टाकली होती. मालनला बोलवा, ती आल्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही, एवढेच घोकत होते.

“तुम्ही समजवा ना, मॅडम. नाहीतर हात बांधावे लागतील,” श्वेता म्हणाली.

एरवी बोलून समजावणे हा इरावतीचा हातखंडा. विलेपार्ल्यात सून होऊन आली, तेव्हा सासरी तांदळात तिचे नवे नाव लिहिले गेले आणि पुढे जेवताना तिच्या मालवणीवर सगळे हसूनही घेत. पोरगी जिद्दीची. रोज एक नवा शब्द शिकायचा आणि घरी परतायच्या आत तो कुणावर तरी वापरायचा, असा तिने नेमच धरला. बहुतेकदा बळी जाई तो भाजीवाला. ‘ही वांगी निबर आहेत’ असे ऐकले की तो बापडा मुकाट भाव कमी करी. पन्नाशी उलटली तरी नेम चालूच होता. डबिंगचे संवाद लिहिणाऱ्यांत आता तिच्या शब्दाला वजन होते. माहेरची बोली मात्र कधी गळून गेली, ते तिला कळलेही नाही. बाबांशीसुद्धा ती शुद्धच बोले आणि बाबा कौतुकाने ऐकत.

ती खाटेशी वाकली. “बाबा, सुई लावू द्या. वेदना कमी होतील. थोडा धीर धरा.”

गुणाजींनी दचकून चादर सावरली. “बाई, माझ्या चेडवाक बोलवा. मालन नाव तेचा.”

पोटच्या पोरीला ते ओळखत नव्हते. आठवून, जुळवून ती म्हणाली, “मियाच मालन, बाबा. तुमचा चेडू.”

वाक्य बरोबर असेलही, पण तिच्याच कानाला ते नाटकातल्या मोलकरणीसारखे लागले. आईच्या तोंडची एखादी शिवीसुद्धा आठवेना.

गुणाजी ओशाळून हसले. “कित्याक त्रास घेतास, बाई? तुमी शुद्धच बोला. माका समाजता. माझा चेडू पण असाच बोलता.”

मग एवढ्या मोठ्या बाईंचा शब्द कसा मोडायचा, म्हणून त्यांनी निमूटपणे हात पुढे केला. श्वेताने सुई टोचली आणि तुमचे ऐकले बघा, असे हसून सांगत ती पुढच्या खाटेकडे गेली.

इरावतीने त्यांचा दुसरा हात हातात घेतला. गुणाजींनी तो संकोचाने सोडवून घेतला, चादरीखाली नेला आणि दाराकडे बघत राहिले.